रोहिदासच्या घरची अष्टमी

नेरूळ,
१८ नोव्हेंबर १९५७

रोहिदास,

रामराम शेवटी लिहीन, आधी भांडण.

गुरुवारी वद्य अष्टमी झाली. जेवण धर्माकडे होतं. देवजीने खाराच्या तळ्यातलं जिताडं काढलं, हातभर लांब. धर्माच्या जमुनाने त्याचं कालवण केलं, डोकं वेगळं शिजवलं, आणि तांदळाच्या भाकऱ्या इतक्या मऊ की देवजी सहा खाऊन सातवीकडे बघत होता. तुझं आणि कमळीचं पान मांडलं होतं. मी म्हटलं नको मांडू, धर्मा म्हणाला मांडायचंच. शेवटी तुझ्या पानावर मांजर येऊन बसलं आणि कुणी त्याला हाकललं नाही.

सातवीची परीक्षा दिली त्या वर्षी आपण चौघांनी हे सुरू केलं, हे तुला सांगायची वेळ आली आहे. अष्टमीला खाडीच्या पाण्याला जोर नसतो, धर्माची होडी घरी असते, म्हणून तो दिवस धरला. दर महिन्याला एकाची पाळी, त्याच्याच चुलीवर. लग्नं झाली तेव्हा ठरवलं की बायका मागून उरलंसुरलं खाणार नाहीत, आपल्याच पंगतीला बसतील. त्यावरून गावाने आपल्याला किती नावं ठेवली. एवढं सगळं झालं तरी पंगत मोडली नाही, आणि आता तू मोडायला बसला आहेस.

जूनमध्ये तू मुंबईला बिऱ्हाड केलंस. माझी बहीण कमळी तुझ्याबरोबर पाठवली. पहिल्या पाळीला म्हणालास स्टो मिळाला नाही. पावसात होड्या बंद. श्रावणात तसंही गोडाचं असतं, म्हटलं जाऊ दे. भाद्रपदात तुझ्या गोदीत माल आला. दिवाळीत खोलीला रंग. आता पुढची अष्टमी तुझी, आणि आम्ही येणार. मासळी धर्मा आणेल, पीठ देवजी आणेल, माझी गंगू मसाला कुटून देते आहे. तू फक्त चूल पेटव.

आता रामराम.

जयदेव


मुंबई,
२५ नोव्हेंबर १९५७

जयदेव,

तुझं पत्र वाचून कमळी दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. भावाने लिहिलं की ती वेदवाक्य मानते.

तुम्हाला गावात बसून सगळं सोपं दिसतं. खोली गिरगावात तिसऱ्या मजल्यावर, दहा बाय दहाची. नळाला सकाळी दोन तास पाणी. चाळीचे मालक जुन्या वळणाचे आहेत, पाहुण्यांची वर्दळ त्यांना खपत नाही. त्यांचा दिवाणजी तर जिन्यात उभा राहून कुणाच्या पिशवीत काय आहे ते बघतो. अशात तुम्ही सहा माणसं टोपल्या घेऊन वर चढलात तर मी काय तोंड दाखवू?

मी एक तोड काढली आहे. गोदीच्या फाटकाजवळ एका मालवणी माणसाची खानावळ आहे. सुरमईचं कालवण, तळलेले बोंबील, वर सोलकढी. तुम्ही सगळे या, मी पोटभर जेवायला घालतो. चुलीचा आग्रह कशाला? जेवणं महत्त्वाचं.

बाकी ठीक. कमळी खाऊनपिऊन सुखी आहे.

तुझा,
रोहिदास

ता. क. जिताड्याच्या डोक्याला चिंच घातली होती की कोकम, ते लिही. लसूण ठेचून की तशीच? सविस्तर लिही, घाई नाही.


नेरूळ,
४ डिसेंबर १९५७

रोहिदास,

चिंच. लसूण ठेचून.

आता ऐक. अष्टमी खानावळीत करायची हे लिहिताना तुझा हात कसा थरथरला नाही? आम्ही काय जेवणाचे भुकेले आहोत? मी मिठागरावर मुकादम आहे, देवजीकडे खंडीनं भात आहे, धर्माच्या घरात मासळी नसते असा दिवस नाही. तुझ्या घरी यायचं आहे आम्हाला. तुझ्या खोलीत, तुझ्या चटईवर मांडीला मांडी लावून बसायचं आहे. तुला आमची लाज वाटत असेल तर तसं लिही. आम्ही धोतराने तोंड पुसतो, मोठ्याने बोलतो, धर्मा जेवल्यावर ढेकर देतो आणि तुझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या लोकांना ते ऐकू जाईल. असंच ना?

इथवर लिहून पत्र ठेवलं होतं. संध्याकाळी देवजीची भागीरथीकाकू आली. ती वालाच्या शेंगा विकायला मुंबईत असते. म्हणाली, रोहिदासला भुलेश्वरात पाहिला, गळ्यात तुळशीची माळ होती. मला खरंच वाटेना. तीनदा विचारलं. म्हणाली, मी हाक मारली तर माळेला हात लावून रामराम केला नि घाईने निघून गेला.

अरे, माळ घेतलीस आणि मला सांगितलं नाहीस. आता सगळा उलगडा झाला. माळकऱ्याच्या चुलीवर मासळी कशी शिजवायची, आणि मित्रांना नाही कसं म्हणायचं, या पेचात तू सहा महिने काढलेस. वर आमच्यासाठी खानावळ शोधलीस. मी वर जे लिहिलं ते खोडत नाही, कारण कागद दुसरा नाही, पण ते नाही असं समज.

धर्माला सांगितलं तर त्याने तिथेच हात जोडले. त्याचा बाप माळकरी होता हे तुला माहीत आहे. म्हातारा जन्मभर मासे मारत राहिला, पण माळ घातल्यावर मरेपर्यंत एक तुकडा तोंडात टाकला नाही. जाळं टाकायला माळेची आडकाठी नसते, तोंडात टाकायला असते, असं तो म्हणायचा. धर्मा म्हणाला, आमच्यात एक तरी निघाला.

डिसेंबरची तुझी पाळी आम्ही इथेच भागवू. जानेवारीची अष्टमी माझ्या घरी. तू आणि कमळी यायचंच. तुझ्या माळेला शोभेल असं जेवण करू. चिंता करू नकोस.

जयदेव


मुंबई,
१२ डिसेंबर १९५७

जयदेव,

माळेचं तुम्ही इतकं मनावर घेऊ नका. भागीरथीकाकूला जे बघू नये ते बरोबर दिसतं.

अष्टमीला आम्ही येतो. पण माझी विनंती आहे, अगदी कळकळीची आहे, की माझ्यासाठी नेहमीच्या बेतात काही बदल करू नका. तुम्ही नेहमी जेवता तसं जेवा. कालवण करा, तळलेलं करा, चिंबोऱ्या मिळाल्या तर चिंबोऱ्या करा. मी पंगतीला बसेन. दुसऱ्याच्या ताटात काय आहे याचा मला राग नाही. आणि समजा चुकून माझ्या ताटात काही पडलं तरी मी उठून जाणार नाही. माणसाने इतकं कर्मठ असू नये असं माझं मत होत चाललं आहे. हे धर्मालाही वाचून दाखव.

आनंदाची बातमी, कमळीला दिवस गेले आहेत. दुसरा महिना लागला. तिला काही जात नाही, भाताचा वास सुद्धा नको म्हणते. गावची हवा लागली की बरं वाटेल.

रोहिदास

ता. क. चिंबोऱ्यांचं मी फक्त उदाहरण दिलं. खाडीच्या चिखलातल्या निवट्याही चालतील. म्हणजे तुम्हाला.


नेरूळ,
१५ जानेवारी १९५८

रोहिदास,

तुझा राग कशाचा आहे ते एकदा कळू दे.

तुझ्या त्या पत्राने आम्ही सगळे गहिवरलो होतो. माळ घातलेला माणूस आम्हाला म्हणतो तुम्ही खुशाल खा, मी शेजारी बसतो. धर्मा म्हणाला, एवढं मोठं मन असेल तर आपणही दाखवू. आठ दिवस आधी गंगूने घरातली मासळी बंद केली. भांडी राखेनं तीनदा घासली. कालवणाच्या मडक्यांचा वास जात नाही म्हणून पनवेलहून नवी मडकी आणली. चूल सारवली. देवजीची गोजरा पहाटेपासून वाल सोलत होती. वालाचं बिरडं, भरली वांगी, लाल भोपळ्याची भाजी, तांदळाची खीर. धर्माने होडी ओढून ठेवली आणि खाडीवर आंघोळ करून नवी बंडी घालून आला. त्याच्या अंगाला वास येऊ नये म्हणून जमुनाने त्याला शिकेकाई लावली होती. बारा वर्षांत त्याने एवढं कुणासाठी केलेलं मी पाहिलं नाही.

आणि तू काय केलंस? दारातून आत आलास तो नाक वर करून, काहीतरी शोधत असल्यासारखा थेट चुलीपाशी गेलास. मडक्याचं झाकण काढलंस. भोपळा बघून तुझा चेहरा असा झाला की गंगूला वाटलं आत पाल पडली. दीड भाकरी खाल्लीस. खीर ठेवलीस. धर्माने तुझ्या पानावर स्वतःच्या हाताने भाजी वाढली तर तू "पुरे" म्हणून खेकसलास. त्याचे कान लाल झालेले मी पाहिले.

कमळी तर भरल्या ताटावर रडली. नंतर मागच्या पडवीत सुकटीच्या टोपलीपाशी तोंडाला पदर लावून उभी होती. गंगूला फार वाईट वाटलं. दोन जिवांची बाई, वास सोसला नसेल. टोपली लपवायची राहिली, एवढी आमची चूक. ती लगेच शेजारी नेऊन ठेवली. त्यावर कमळी आणखी रडली.

माळकरी झालास म्हणून आम्ही तुला डोक्यावर घेतलं. पण माळ घालून माणूस असा तुसडा होत असेल तर मला ती माळ कळली नाही.

जयदेव


मुंबई,
२० जानेवारी १९५८

जयदेव,

भोपळा, जयदेव. मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. होडीत बसल्यापासून मनात चिंबोऱ्या शिजत होत्या. तुला पत्रात किती परीने लिहिलं होतं, चिंबोऱ्यांचं नाव घेऊन लिहिलं. आणि तुम्ही मला भोपळा वाढलात, वर हात जोडून.

आता स्पष्टच लिहितो. माळ खोटी आहे.

मे महिन्यात मी अकरा ठिकाणी खोली बघितली. गाव विचारायचे, जात विचारायचे, मग म्हणायचे तुम्ही मासळी खाणारे, वास मारेल. काही ठिकाणी मी नुसता जिना चढलो तरी नाही म्हणाले. ही बारावी चाळ. मांसमच्छी बंद, असं दारावर लिहिलेलं. जिन्यात एक म्हातारबुवा बसले होते, गळ्यात माळ, आणि हाच तिखट दिवाणजी त्यांना वाकून नमस्कार करत होता. मी परत गेलो, भुलेश्वरातून माळ घेतली, दुसऱ्या दिवशी घालून आलो. दिवाणजीने तोंडातून शब्द न काढता किल्ली दिली.

मला वाटलं दोन महिने घालायची, मग हळूच काढायची. पण इथे एकादशीला मला अभंग म्हणायला बसवतात. मालकांची आई नव्वदीची आहे, ती माझ्या पाया पडते. मी पाय मागे घेतो तर म्हणते, किती विनय. आता ती काढू कशी? आणि खोली गेली तर कमळीला घेऊन जाऊ कुठे? नोकरी टिकवायची तर मुंबईत राहायला हवं, मुंबईत राहायचं तर ही खोली हवी. माझी काय मजा चालली आहे असं वाटतं तुला? आठ महिने दुधी आणि पडवळ खातो आहे. स्वप्नात बोंबील येतात.

कमळीला निवट्यांचे डोहाळे लागले आहेत. रात्रंदिवस तेच. तुमच्याकडे मिळतील म्हणून तर आणली होती. सुकटीच्या टोपलीपाशी ती का उभी होती ते आता तुला कळलं असेल.

धर्माला सांगू नकोस. बाकी कुणालाही सांग, पण त्याला नको.

रोहिदास


मुंबई,
२७ जानेवारी १९५८

दादास कमळीचा नमस्कार.

यांनी तुला लिहिलं ते मना सांगितलं. तू यांच्यावर रागवून येऊ नको. मानूस वाईट नाय.

पन एक सांगते. यांनी आठ महिने दुधी खाल्ला म्हनून लिहिलं, ते खरं नाय. दर बुधवारी यांच्या सदऱ्याला मासळीचा वास येतो. गोदीजवळ खानावळ हाय तिथं जेवतात. वर पान खाऊन येतात, पन सदरा मीच धुते ना. मी अजून बोलले नाय. त्यांना वाटतं मना ठाऊक नाय. माळ त्यांनी घातली नि उपास मना.

चोरून एक बांगडा पुडीत बांधून आनला असता तर मी दार लावून थंडच खाल्ला असता. ते त्यांना सुचलं नाय, नाहीतर भीती वाटली असंल.

पन दादा, निवट्यांचंच एवढं नाय. इथं आमच्याकडं कोन येत नाय, आमी कोनाला बोलवत नाय. बोलवलं तर काहीतरी उघड होईल म्हनून हे घाबरतात. जेवायला बसलो की दार लावून घ्यायचं. दोघं भिंतीकडं बघून जेवतो. मी लहानपनापासून एकटी कधी जेवले नाय. तुमच्या अष्टमीला गंगूवैनी, जमुना, गोजरा, आमी सगळ्या एका रांगेला बसायचो नि तुमी आमच्या भाकऱ्या मोजायचा. मना पंगत पाहिजे. पोटात अन्न उतरत नाय ते त्यापायी.

हे पत्र फाडून टाक.

कमळी


नेरूळ,
१३ फेब्रुवारी १९५८

रोहिदास,

मी येऊन कमळीला घेऊन आलो तेव्हा जिन्यात दिवाणजी होता म्हणून तुला काही बोललो नाही. ते आता लिहितो.

बुधवारची खानावळ मला माहीत आहे. कुणी सांगितलं ते विचारू नकोस. पोटुशी बायको घरात भिंतीकडे बघून दुधी गिळते, आणि तू फाटकाजवळ बसून सुरमई खातोस. खोलीसाठी खोटं बोललास ते मी एक वेळ समजू शकतो. अकरा ठिकाणचे नकार मला पत्रातच लागले, तुला तिथे किती लागले असतील. पण हे खाणं तुझ्या घशाखाली कसं उतरलं? मी तुझा मेहुणा आहे म्हणून रागावतो असं समजू नकोस. तुझ्याबरोबर शंभरावर अष्टम्या जेवलो म्हणून रागावतो. एकट्याने खायला आम्ही कुणी तुला शिकवलं नव्हतं.

मंगळवारी देवजीकडे जेवण होतं. निवट्या होत्या. कमळी मध्ये बसली, एका बाजूला गंगू, एका बाजूला जमुना. पहिले दोन घास तिने डोळे मिटून खाल्ले. मग जेवली. चार भाकऱ्या खाल्ल्या आणि पाचवीतला अर्धा तुकडा गोजराच्या पानातून उचलला. सगळे हसले. किती दिवसांनी हसली ती.

धर्मा तिच्याकडे बघत होता. म्हणाला, कमळीने माळ नाही घेतली वाटतं. मी भाकरी मोडत राहिलो. त्याने पुन्हा विचारलं. तू नको सांगू म्हणाला होतास, पण त्याच्या पंगतीला बसून त्याच्याशी खोटं बोलणं मला जमलं नाही. सगळं सांगितलं.

तो चिडला असता तर बरं झालं असतं. हातातला घास पानात ठेवला, हात धुतले आणि घरी गेला. जमुना त्याच्या मागे गेली. पंगत तिथेच उठली. देवजीने उरलेलं कालवण कुत्र्याला घातलं. बारा वर्षांत अन्न टाकलेलं मला आठवत नाही.

आता तू ये. धर्मासमोर उभा राहा. त्यानंतर कमळीला परत पाठवायची की नाही ते बोलू.

जयदेव


मुंबई,
२१ फेब्रुवारी १९५८

जयदेव,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. खानावळीबद्दल मला काही म्हणायचं नाही. कमळीला सांग की मला सदऱ्याचं कळलं. दुसरं कोण सांगणार होतं.

काल मालकांकडे जाऊन खरं सांगितलं. दिवाणजी खूप बोलला, ते मी ऐकून घेतलं. मालक ओरडले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, माझी आई तुमच्या पाया पडत होती, तिला आता मी काय सांगू?  महिनाअखेर खोली सोडायची आहे. म्हातारीला अजून सांगितलेलं नाही, ती आज सकाळीही जिन्यात हात जोडून उभी होती.

माझगावला एक खोली बघितली आहे. जिना मोडका आहे, भिंतीला ओल आहे. मालकाने विचारलं, मासळी खाता? मी हो म्हटलं. म्हणाला, मग काट्याकुट्यांचा डबा रोज खाली नेत जा.

शिमग्याला येतो. माळ रुमालात बांधून ठेवली आहे. ती धर्माकडेच देईन, खाडीत सोडायला. दुसऱ्या कुणाच्या हाती द्यावी असं वाटत नाही. त्याने दार उघडलं नाही तर उंबऱ्यावर ठेवून येईन.

रोहिदास


नेरूळ,
१६ मार्च १९५८

रोहिदास,

मी इतका वैतागलो आहे की कुणावर ते मलाच कळत नाही.

शिमग्याला तू धर्माच्या दारात उभा राहिलास, त्याने रुमाल घेतला, तुला पाणी दिलं, आणि तू कमळीला घेऊन गेलास. मला वाटलं संपलं एकदाचं. खाडीत माळ गेली, आता हळूहळू सगळं जागेवर येईल.

गुरुवारी अष्टमी धर्माची होती, पण त्याने ती माझ्याकडे ठेवायला सांगितली. धर्मा सगळ्यांच्या आधी आला. हातात कोळंबीची टोपली, वर दोन मोठ्या चिंबोऱ्या. गळ्यात तुळशीची माळ. मी म्हटलं, ही कसली? तर म्हणाला, तीच.

मी डोकं आपटून घ्यायचं बाकी ठेवलं. त्याला पडवीत नेऊन झापलं. तो शांतपणे सांगत होता, "भरतीला खाडीच्या मध्याला नेली होती रे. हात पान्यात घातला. सुटंना. रोहिदास म्हनाला ना, एक म्हातारी या माळेच्या पाया पडायची. तिचं तर काय खोटं नव्हतं. नव्वद वर्सांची बाई वाकली जिच्याम्होरं, ती कशी फेकू?" मी म्हटलं, देव्हाऱ्यात ठेव. तर म्हणतो, "देव्हाऱ्यात ठेवली तर पाळनार कोन?"

म्हटलं, अरे, पण तू? आपल्या चौघांत खाणारा तू. बोंबलाचा वास घेऊन तो कुठल्या जाळ्यातला ते सांगणारा तू. तुझ्यावाचून अष्टमी ती कसली? म्हणाला, "मी येनार की. आनीन पन. फक्त मी ते खानार नाय."

आणि तसंच केलं. गंगूला धावपळ करून त्याच्यासाठी वरणभात लावावा लागला, स्वच्छ भांडं सुद्धा सापडेना. तो सगळ्यांच्या मधे बसला. जमुनाचा हात पुढे होईना तर तिला म्हणाला, "माझी माळ, माझा उपास. तू खा." तिने रडत रडत कोळंबी खाल्ली. आम्हा कुणाला घास जात नव्हता आणि तो विचारत होता, आंबट नीट लागलं का, चिंबोरी भरलेली होती ना. देवजीने होय म्हटल्यावर त्याला बरं वाटलं.

मी तुझ्यावर रागावलेलो नाही असं नाही. पण आता त्याच्यावरही रागावलो आहे आणि त्याला काही बोलता येत नाही.

पुढची अष्टमी तुझी. घेणार असशील तर घे.

जयदेव


माझगाव, मुंबई,
२३ मार्च १९५८

जयदेव,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी होडी धरून निघणारच होतो, धर्माच्या गळ्यातली माळ स्वतःच्या हाताने काढायला. धक्क्यापर्यंत गेलो आणि परत आलो. मी काढायला गेलो तर तो काढू देईल, आणि मग मला किती मोकळं वाटेल ते मला कळत होतं.

खोटं आता लिहायचं नाही असं ठरवलं आहे, म्हणून सांगतो. इथे आल्यावर पहिल्या दिवशी कमळीने बांगडे तळले. दार उघडं टाकून. शेजारच्या सुमित्राबाई वासाने आत आल्या आणि बसल्याच. तेव्हा धर्माचं माहीत नव्हतं. मी पाच खाल्ले. नंतर तुझं पत्र आलं आणि त्या रात्री पुन्हा मासळी होती. मला वाटलं आता घास उतरणार नाही. पण उतरला. चवही लागली. याची मला जी लाज वाटते आहे ती मालकांसमोर सुद्धा वाटली नव्हती.

चैत्रातली अष्टमी माझ्याकडे. सहाही जण या, आम्ही दोघं धरून आठ. खोली लहान आहे, दारात आणि गॅलरीत बसू. सुमित्राबाईंनी त्यांची चटई देऊ केली आहे. धर्मासाठी आधी स्वैपाक होईल. नवं पातेलं आणलं आहे, त्याला दुसरं काही लागलेलं नाही. त्याला काय आवडतं ते मला माहीत नाही. बारा वर्षांत मासळीशिवाय त्याला काही आवडतं का, हे आपण कधी विचारलंच नाही. तेवढं विचारून कळव.

आणि त्याला सांग, येताना मासळी आणू नकोस. मी इथल्या बाजारातून आणीन. ज्याने खायची नाही त्याने पहाटे उठून ती धरायची, निवडायची, होडीतून आणायची आणि आमच्यासमोर ठेवायची, हे मला बघवणार नाही.

हे मी लिहीत होतो तेव्हा कमळी मागून वाचत होती. शेवटचं वाचून तिने माझ्या हातातली लेखणी धरली. म्हणाली, त्याला आनू दे. तेवढं तरी त्याचं त्याला राहू दे.

रोहिदास